अ‍ॅनिमेशन म्हणजे हलवणं की जीव घालणं?

सुरंगी
नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या वाचनालयात (फोंडा तालुका) चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधी एका रविवारी मुलांसाठी अ‍ॅनिमेशनची कार्यशाळा ठरली आहे. वहीच्या कोपऱ्यात चित्रं काढून पानं फरफर सोडायची, मातीचे छोटे उंदीर करून मोबाईलवर एकेक फोटो घेत त्यांना मोदकापर्यंत चालवायचं, असा साधाच बेत आहे.

गाडी अडली आहे ती फलकावर. समितीतले एक काका म्हणतात 'चलचित्र कार्यशाळा' लिहा. दुसऱ्या बाई म्हणतात, आपल्याकडे चलचित्र म्हटलं की लोकांना मोटरवर हलणारे चवथीचे देखावे आठवतात, पालक विचारतील मोटर कुठून आणायची. तिसरा पर्याय 'सचेतन चित्र', पण तो वाचून एकही मूल येणार नाही अशी मला भीती वाटते. हिंदीत 'अनुप्राणन' असाही शब्द वापरलेला दिसतो.

मुळात या शब्दाचा अर्थ काय? हालचाल, की जीव? आणि तो आला कुठून? जाणकारांनी कृपया सांगावं. फलक येत्या आठवड्यात रंगवायचा आहे.

तिस्क
वाचतोय. काकांना अनुमोदन. हलतं ते चलचित्र, विषय संपला.

रानमोगरा
@तिस्क, विषय संपला कसा? पंखासुद्धा हलतो, त्याला कोणी अ‍ॅनिमेशन म्हणत नाही.

खाजन
लॅटिनमध्ये 'आनिमा' म्हणजे वारा, श्वास आणि त्यावरून प्राण. 'आनिमारे' म्हणजे प्राण घालणं. इंग्रजीत अ‍ॅनिमेशन हा शब्द सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून सापडतो आणि तेव्हा त्याचा अर्थ 'जीव आणणं', 'चैतन्य' एवढाच होता. चित्रपटाशी त्याची गाठ पडली ती विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात. म्हणजे सिनेमावाल्यांनी नवा शब्द घडवला नाही, जुना उचलला. आणि उचलताना 'हालचाल' हा अर्थ असलेला शब्द घेतला नाही, 'प्राण' अर्थाचा घेतला. मला ही निवड फार मोलाची वाटते.

त्याहून मोठी गंमत आपल्या घरातच आहे. संस्कृतात 'अन्' नावाचा धातू आहे, अर्थ श्वास घेणं. 'अनिति' म्हणजे तो श्वास घेतो. त्याला 'प्र' लावला की प्राण. अप, वि, उद्, सम् लावले की अपान, व्यान, उदान, समान. नैवेद्य दाखवताना आपण 'प्राणाय स्वाहा, अपानाय स्वाहा' म्हणतो ते पाचही शब्द या एकाच धातूची लेकरं. वारा या अर्थाचा 'अनिल'ही त्यातलाच. आणि लॅटिन 'आनिमा' याच मुळाची. ग्रीक 'आनेमोस' म्हणजे वारा, तोही.

तिस्क
म्हणजे अ‍ॅनिमेशन हा शब्द मूळ संस्कृतातून गेला म्हणा की! छान वाटलं वाचून.

खाजन
नाही हो, तसं नाही. संस्कृतातून लॅटिनमध्ये गेला नाही आणि लॅटिनमधून इकडे आला नाही. दोन्ही भाषांच्या आधीची एक मूळ भाषा मानतात, तिच्यातून हे शब्द दोन्हीकडे उतरले. नातं मायलेकीचं नाही, चुलत बहिणींचं आहे. हे नीट सांगणं गरजेचं आहे, कारण 'सगळं आमच्याकडूनच गेलं' असा मजकूर फिरायला लागला की खरं नातं, जे जास्त सुंदर आहे, ते बाजूलाच राहतं.

मांडवीकाठ
@खाजन, फार सुंदर माहिती. यात भर घालते. पोर्तुगीजमध्ये आत्म्याला 'आल्मा' म्हणतात. तो शब्द लॅटिन 'आनिमा'चाच झिजून झालेला. २ नोव्हेंबरला आमच्या वाड्यावरचे ख्रिस्ती शेजारी सेमेतेरीत जाऊन थडगी धुतात, फुलं घालतात, मेणबत्त्या लावतात, तो दिवस या आल्मांचाच.

माझी आजी पणजीच्या लिसेवमध्ये, म्हणजे पोर्तुगीज काळातल्या शाळेत, शिकलेली. कार्टूनला ती 'देझेन्यूश आनिमादुश' म्हणायची, म्हणजे प्राण भरलेली चित्रं. आणि लग्नात माणसं रंगात येऊन नाचायला लागली की 'फेश्त आनिमादा' म्हणायची. एकच शब्द चित्रालाही आणि मांडवालाही. त्यामुळे अ‍ॅनिमेशन म्हणजे नुसती हालचाल हे मला कधीच पटलं नाही. लग्नात हलणारी माणसं पुष्कळ असतात, तरी मांडव मेल्यासारखा असू शकतो.

पोरसू
शेवटच्या वाक्याला शंभर वेळा अनुमोदन. आमच्या एका नातलगाचं रिसेप्शन आठवलं :)

केगदीभाट
मी चवथीचे आणि शिगम्याचे देखावे करतो. धागा माझ्याच अंगणात आलाय म्हणून लिहितो. 'मोटरवर हलणारे' असं वर म्हटलंय, ते बरोबर आहे, पण आत काय चालतं ते सांगतो.

बहुतेक ठिकाणी गाडीच्या वायपरची जुनी मोटर असते. बारा व्होल्टची, भंगारात मिळते, सावकाश फिरते आणि जोर चांगला असतो. तिच्या आखाला लोखंडी पट्टी, पट्टीच्या टोकाला भोक, भोकात सळी, सळीचं दुसरं टोक राक्षसाच्या कोपराला. मोटर गोल फिरते, हात वर-खाली होतो. दिवाळीतल्या नरकासुराच्या पुतळ्याची गदाही अशीच हलते. हे कोणीही करू शकतो, आणि हे केलं की पोरं टाळ्या वाजवतात.

पण दुसऱ्यांदा कोणी बघत नाही. कारण हात एकाच वेगाने वर जातो आणि त्याच वेगाने खाली येतो. जिवंत माणूस असा हात हलवत नाही. उचलताना आधी खांदा जागा होतो, हात निघताना सावकाश निघतो, मध्ये वेग घेतो, थांबायच्या आधी पुन्हा मंदावतो. म्हणून मी सळी सरळ कोपराला बांधत नाही, मध्ये एक स्प्रिंग घालतो आणि हाताच्या मागच्या अंगाला वजन टांगतो. मग हात क्षणभर रेंगाळतो, आणि लोक म्हणतात 'जितो दिसता', म्हणजे जिवंत दिसतो.

आणखी एक सांगतो. झोपलेल्या कुंभकर्णाच्या देखाव्यात मी हात-पाय काहीच हलवले नव्हते. पोटाच्या आत दुचाकीची ट्यूब आणि तिला वाऱ्याचा पंप. पोट फुगायचं आणि बसायचं, बस. त्याच्यासमोर माणसं जेवढी उभी राहायची तेवढी लढाईच्या देखाव्यासमोरही नाही. लहान मुलं कुजबुजत बोलायची, तो उठेल म्हणून.

सुरंगी
@केगदीभाट, अंगावर काटा आला. म्हणजे हात-पाय न हलवता नुसत्या श्वासावर जीव आला! खाजन म्हणतात त्याच जागी तुम्ही पंप घेऊन पोचलात.

शंखवाळ
मी पणजीत गेमसाठी पात्रं हलवायचं काम करतो. केगदीभाट यांनी स्प्रिंगबद्दल जे लिहिलंय ते आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात, फक्त संगणकावर. सावकाश निघणं, सावकाश थांबणं. चित्रपटाच्या एका सेकंदात २४ चौकटी असतात. हाताने काढताना पुष्कळदा एकच चित्र दोन चौकटी धरतात, म्हणजे सेकंदाला १२ चित्रं. जिवंतपणा चित्रांच्या संख्येत नसतो, दोन चित्रांमधलं अंतर कुठे कमी आणि कुठे जास्त ठेवलं त्यात असतो.

कुंभकर्णाचं पोट वाचून तर मी खुर्चीतून उठलो. गेममध्ये खेळणाऱ्याने बटण दाबलं नाही तर पात्र नुसतं उभं असतं. तेव्हा ते पूर्ण गोठलेलं ठेवलं तर लगेच मेलेलं वाटतं. म्हणून तिथे एक छोटं आवर्तन घालतात: खांदे किंचित वर, छाती थोडी भरते, पुन्हा खाली, मधूनच पापणी मिटते. काम काहीच करत नाही, फक्त श्वास घेतं. नव्या माणसाला आम्ही सगळ्यात आधी हेच करायला देतो.

तिस्क
बरं, माझा 'विषय संपला' मागे घेत नाही, पण वाढवायला हरकत नाही :) मग काडीपेटीच्या काड्या नाचवतात त्याचं काय? काडीला छाती नसते.

शंखवाळ
काडीला छाती नसते, पण ती वाकायच्या आधी जरा मागे झुकली की आपल्याला तिचा विचार दिसतो. उडी मारायच्या आधी गुडघे वाकतात तसं. मुलांना हे शिकवा, सुरंगीताई. उंदीर निघायच्या आधी एका फोटोत त्याला किंचित मागे घ्या. नुसता सरकवत नेला तर कोणीतरी ओढतंय असं वाटतं, मागे घेऊन सोडला तर तो स्वतः निघाला असं वाटतं.

अंत्रुज
बराच वेळ नुसता वाचत होतो. आमच्या घरी पिढीजात पौरोहित्य आहे. 'अ‍ॅनिमेशन म्हणजे आपली प्राणप्रतिष्ठाच' असं कोणीतरी लिहीलच, त्याआधी मी लिहितो: तसं नाही. शब्दाचं नातं आहे, क्रियेचं नाही.

प्राणप्रतिष्ठेत दोन शब्द आहेत. प्राण वर आला आहेच. प्रतिष्ठा हा 'स्था' धातूपासून, म्हणजे उभं राहणं, स्थिर होणं. 'अस्यै प्राणाः प्रतिष्ठन्तु' म्हणतो तेव्हा प्राण इथे स्थिर होवोत अशी प्रार्थना असते. चवथीला मातीच्या मूर्तीच्या हृदयाला हात लावून आपण हेच म्हणतो, दूर्वांनी डोळ्यांना तूप लावतो. त्यानंतर मूर्ती हलत नाही, आणि हलावी अशी कोणाची अपेक्षाही नसते. उलट, उत्तरपूजा होईपर्यंत ती जागेवरून हलवायची नाही. उत्तरपूजेनंतर अक्षता टाकून मूर्ती किंचित हलवतात, म्हणजे प्राण निघाले. आपल्याकडे हलणं ही प्राण गेल्याची खूण आहे. आणि मोटरवर हलणाऱ्या नरकासुराला कोणी हात जोडत नाही, पहाटे जाळतात.

म्हणून दोन्हींची सरमिसळ करू नये असं मला कळकळीने वाटतं. देखाव्यातला जीव बघणाऱ्याच्या डोळ्यांपुढे उभा करायचा असतो. मूर्तीतला प्राण पुजणाऱ्याच्या भावात असतो.

रानमोगरा
@अंत्रुज, उत्तरपूजेचा मुद्दा आयुष्यभर डोळ्यांसमोर होता आणि कधी असा लक्षात आला नाही. धन्यवाद. पण एक शंका. देवळात पालखीत बसून फिरणारी मूर्ती असते, तिचं काय? ती तर हलते.

अंत्रुज
ती चल मूर्ती, उत्सवाची. गर्भागारातली अचल. चल म्हणजे आपण हलवू शकतो ती, स्वतः हलणारी नव्हे. देऊळ दुरुस्तीला काढलं की अचल मूर्तीतली देवता मंत्रपूर्वक कलशात घेतात, त्याला कलाकर्षण म्हणतात. काम संपेपर्यंत तिची पूजा तात्पुरत्या देवळात चालते.

आपल्या गोव्यात हा विषय पुस्तकातला राहत नाही. पोर्तुगीज देवळं पाडत होते तेव्हा, १५६० साली, मंगेश कुठ्ठाळीहून नदीपार प्रियोळला आला. केळशीची शांतादुर्गा कवळ्याला आली. दगडी देऊळ मागे राहिलं, देव पुढे आला. प्राण कशात असतो या प्रश्नाचं उत्तर आपल्या पूर्वजांनी पायाने चालून दिलं आहे.

मांडवीकाठ
@अंत्रुज, शेवटचं वाक्य वाचून डोळे भरले. आमचं मूळ कुळ साश्टीतलं, म्हणजे त्याच पोर्तुगीज अमलातल्या मुलखातलं.

पोरसू
अवांतर: 'वारा' वरून आठवलं. आपण 'अंगात वारं आलं' म्हणतो ते याच्यातच बसतं की! धालोंच्या, म्हणजे बायकांच्या फेराच्या नाचाच्या, शेवटी त्यांच्या अंगात रंभा येते, जत्रेत कोणाला भार येतो. अनिल काय, आनिमा काय, सगळीकडे वाराच शिरतोय. वासराच्या कानात वारं शिरतं तेही धरा.

खाजन
अजिबात अवांतर नाही, हा तर गाभाच आहे. 'वारं' हा शब्द वेगळ्या धातूपासून आला असला तरी कल्पना तीच. आधी वारा, मग श्वास, मग जीव. ऋग्वेदाच्या नासदीय सूक्तात एक ओळ आहे: 'आनीदवातं स्वधया तदेकम्'. 'आनीत्' हे त्याच 'अन्' धातूचं रूप. ते एक तत्त्व वाऱ्यावाचून, आपल्याच बळावर श्वास घेत होतं. काहीच नव्हतं तेव्हाही कवीला सगळ्यात आधी श्वास सुचला.

आणि चवथ जवळ आहे म्हणून हेही: 'आनन' म्हणजे मुख. कोशांत तोही 'अन्' धातूवरूनच दिला आहे, श्वास घेण्याची जागा ती आनन. म्हणजे 'गजानन' या नावातही तोच श्वास आहे.

तिस्क
गजानन आणि अ‍ॅनिमेशन एकाच घरातले!! हे मी चवथीच्या आरतीनंतर सगळ्यांना सांगणार. चुलत बहिणींचं नातं, हे धरूनच सांगेन.

केगदीभाट
आणि 'जीव'? आम्ही 'जितो दिसता' म्हणतो, मराठीत जीव ओतणं, जिवात जीव येणं. त्याचं कुळ कुठलं?

खाजन
त्याचं कुळही तितकंच मोठं. संस्कृत 'जीव', लॅटिन 'व्हीवुस' म्हणजे जिवंत. २४ जूनला सांव जांवच्या (सेंट जॉनच्या) सणाला डोक्यावर कोपेल, म्हणजे फुला-पानांचा मुकुट, घालून विहिरीत उड्या मारताना 'व्हिव्हा सांव जांव' ओरडतात, तो व्हिव्हा आणि आपला जीव एकाच मुळाचे. पोर्तुगीजमध्ये आयुष्याला 'व्हिदा', संस्कृतात 'जीवित'.

रानमोगरा
'ज'चा 'व' कसा झाला? हे जरा ओढूनताणून वाटतंय.

खाजन
शंका रास्त आहे. नुसता आवाज जुळतो म्हणून नातं लावायचं नसतं, बदल नेमाने व्हावा लागतो. मूळ भाषेत ओठ गोल करून उच्चारायचा 'ग्व'सारखा ध्वनी होता. लॅटिनमध्ये त्यातला ओठांचा भाग उरला, म्हणून व. संस्कृतात कंठाचा भाग उरला, म्हणून ग, आणि पुढे इकारासारखा स्वर आला की ज. दुसरी जोडी बघा: संस्कृत 'गम्' आणि लॅटिन 'व्हेनिरे', येणं-जाणं. तिथेही ग आणि व समोरासमोर येतात.

रानमोगरा
पटलं.

शंखवाळ
धागा एवढा रंगलाय म्हणून आपल्या माणसाचं एक काम सांगतो. दादासाहेब फाळक्यांनी पहिला चित्रपट करायच्या आधी, १९१२ साली, कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरून त्याचं रोप होईपर्यंत थोडं थोडं चित्रण केलं होतं. पडद्यावर ते सलग बघताना दाणा फुटतो आणि रोप वर येतं. हा तुकडा दाखवून त्यांनी भांडवल मिळवलं. मेलेल्या वस्तूत जीव घालणं एक, पण जिवंत असलेल्या पण आपल्याला न दिसणाऱ्या हालचालीला दिसतं करणं हेही या कलेत येतं. वाचनालयाच्या मुलांना कुंडीत मूग पेरायला लावा. मोबाईल एका जागी घट्ट बांधा, दर तासाला एक फोटो. चार-पाच दिवसांत पाहण्यासारखं तयार होतं.

मांडवीकाठ
आणि पिंगुळीच्या ठाकर कलाकारांना विसरू नका. पेडण्याहून पुढे कुडाळजवळच आहे. चित्रकथीत एकामागून एक चित्र पुढे धरत गोष्ट गातात. चित्र हलत नाही, गाणाऱ्याच्या आवाजाने हलतं. त्यांच्या कळसूत्री बाहुल्याही आहेत. परशुराम गंगावणे यांना या कलेसाठी २०२१ साली पद्मश्री मिळाली. तुमच्या कार्यशाळेत मोबाईलच्या आधी एक चित्रकथी दाखवता आली तर मुलांच्या डोक्यात क्रम पक्का बसेल.

पोरसू
सुरंगीताई, फलकाचं काय झालं? एवढ्या चर्चेत रंग वाळला असेल.

सुरंगी
रंग अजून डब्यातच आहे :) सगळं छापून समितीत वाचून दाखवलं. काका अजून चलचित्रावरच होते, पण कुंभकर्णाच्या पोटाची गोष्ट ऐकून गप्प झाले. ठरलं ते असं. मोठ्या अक्षरात 'अ‍ॅनिमेशन', कारण मुलांच्या तोंडी तोच शब्द आहे आणि खाजन यांनी लिहिलंय ते वाचल्यावर तो मला परका वाटेनासा झाला. त्याखाली लहान अक्षरात 'चित्रात जीव घालायला शिका'. 'प्राण' मुद्दाम टाळला, अंत्रुज यांचं म्हणणं मनोमन पटलं म्हणून. तो शब्द चवथीच्या पाटासाठी राहू दे.

अंत्रुज
देव बरें करूं.

तिस्क
'जीव घालायला' की 'जीव ओतायला'? मराठीत आपण जीव ओततो.

केगदीभाट
ओतायला करा. घालायला म्हटलं की बॅटरी घातल्यासारखं वाटतं.

सुरंगी
@तिस्क, @केगदीभाट, मान्य. 'चित्रात जीव ओतायला शिका'. अक्षरंही तेवढीच बसतात.

येणाऱ्या मुलांनी जाड कागदाची छोटी वही आणावी, साधारण ६० पानांची. सेकंदाला १२ चित्रं धरली तर पाच सेकंदांचा उंदीर होतो. माती वाचनालय देणार, गणपतीच्या मूर्ती करणाऱ्या जवळच्या चित्रशाळेने देऊ केली आहे. शंखवाळ, पहिला तास श्वासाचा ठेवणार आहोत, उभ्या उंदराचं फक्त पोट हलवायचं. तुम्ही आणि केगदीभाट दोघंही आलात तर फार बरं होईल. कुंभकर्णाचा पंप आणता येईल का?

केगदीभाट
आणतो. ट्यूब नवी घालावी लागेल, जुनी पंक्चर आहे.